जनुकाची प्रत निघाल्यावर पुढे काय? आरएनएच्या पातळीवरचं नियंत्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशी जनुकावर नियंत्रण ठेवते म्हणजे प्रत काढायची की नाही एवढंच ठरवते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत निघाल्यानंतर काय काय घडतं याबद्दलचे प्रश्न इथे घेतले आहेत. बरीचशी उदाहरणं रक्तातली आहेत, आणि ती मुद्दाम निवडली आहेत. हिमोग्लोबिनइतका बारकाईने तपासलेला दुसरा संदेश (म्हणजे जनुकाची आरएनए-प्रत) सापडणं अवघड आहे, शिवाय त्यातले बिघाड आपल्याकडच्या घराघरांतल्या रिपोर्टांवर दिसतात.

डीएनएवरून आरएनए बनला की प्रथिन बनणारच. मग नियंत्रणाला जागा उरते कुठे?

दहावीच्या विज्ञानात प्रतिलेखन (प्रत काढणं), भाषांतरण (प्रतीवरून प्रथिन बनवणं), स्थानांतरण हे शब्द एकापाठोपाठ येतात आणि पहिलं झालं की बाकीचं आपोआप होतं असा समज तिथेच पक्का होतो. तांबडी रक्तपेशी हा समज एका झटक्यात मोडते. अस्थिमज्जेत तयार होताना ही पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. केंद्रकाबरोबर डीएनएही जातो, म्हणजे नवी प्रत काढायची सोयच संपली. तरीही पुढचे दोन-तीन दिवस तिच्यात हिमोग्लोबिन बनत राहतं, आणि ते बेतानं बनतं: लोह कमी असेल तर कमी, अल्फा आणि बीटा साखळ्यांचा मेळ सांभाळून.

या अवस्थेतल्या पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात. रक्ताच्या रिपोर्टवरचा 'रेटिक काउंट' याच पेशींचा असतो. रंग दिल्यावर त्यांच्यात जे निळसर जाळं दिसतं, ते उरलेल्या रायबोझोमचं (संदेश वाचून प्रथिन बनवणारी यंत्रं) आणि आरएनएचं. जनुकं नसलेली पेशी जर उत्पादन कमी-जास्त करू शकते, तर ती ते प्रत निघाल्यानंतरच्या टप्प्यांवरच करत असणार.

पण मुळात प्रतच काढली नाही तर काम सोपं नाही का?

सोपं आहे आणि पेशी तेही करतेच. अडचण वेळेची आहे. प्रतिलेखन थांबवलं तरी आधी निघालेल्या प्रती पेशीद्रव्यात असतात आणि त्यांच्यावरून प्रथिन बनत राहतं. उलट बाजूनेही उशीर होतो. स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक वीस लाखांहून अधिक अक्षरांचं आहे (डीएनए-आरएनएचा एकेक घटक म्हणजे एक अक्षर). त्याची एक प्रत पूर्ण व्हायला सुमारे १६ तास लागतात. काही मिनिटांत निर्णय हवा असेल तर तयार प्रतींवरच हात चालवावा लागतो.

इंट्रॉन म्हणजे काय? ते कापून टाकायचे तर ठेवलेच कशाला?

बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं, जनुक सुमारे १,६०० अक्षरांचं. त्यात दोन इंट्रॉन, म्हणजे प्रतीतून कापून टाकायचे तुकडे, आहेत, एक १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. म्हणजे कच्च्या प्रतीतला निम्म्याहून अधिक भाग कापला जातो आणि उरलेले तीन तुकडे, म्हणजे एक्झॉन, जोडून संदेश (एमआरएनए) तयार होतो. याला स्प्लायसिंग म्हणतात. त्याच सुमाराला प्रतीच्या पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी बसते आणि मागच्या टोकाला 'ए' या अक्षराची दोनेकशेची शेपटी लागते.

जनुकं अशी तुकड्यातुकड्यांची असतात हे १९७७ मध्ये अडिनोव्हायरसवर काम करताना फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना दिसलं. त्यासाठी दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं. १९७७ मध्येच अ‍ॅलेक जेफ्रीज आणि रिचर्ड फ्लेव्हेल यांनी सशाच्या बीटा ग्लोबिन जनुकात असाच मोठा जादा तुकडा दाखवला होता. हेच जेफ्रीज पुढे डीएनए फिंगरप्रिंटिंगमुळे जगभर माहीत झाले, आणि त्यांचं आधीचं काम सहसा कुणाला आठवत नाही.

'ठेवलेच कशाला' याचं एक उत्तर असं की, कापण्या-जोडण्याच्या जागा असल्या की जोडणी बदलताही येते. माणसातल्या एकापेक्षा अधिक एक्झॉन असलेल्या जवळजवळ सगळ्या जनुकांच्या, साधारण ९५ टक्के, एकाहून अधिक जोडण्या निघतात. फळमाशीच्या 'डीस्कॅम' या एकाच जनुकापासून ३८,०१६ वेगवेगळे संदेश निघू शकतात. माणसाची प्रथिनं सांगणारी जनुकं जेमतेम २०,००० आहेत, हे शेजारी ठेवून पाहावं.

थॅलेसेमियात नेमकं बिघडतं काय? जनुक तर असतं म्हणतात.

थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची एखादी साखळी पुरेशी न बनण्याचा आनुवंशिक आजार. बहुतेक रुग्णांत जनुक असतंच. अल्फा थॅलेसेमियात जनुकच गळालेलं असणं नेहमीचं. बीटा थॅलेसेमियात मात्र सहसा एखादंच अक्षर बदललेलं असतं, आणि कितीतरी वेळा ते प्रथिनाचा एकही घटक न बदलता घोटाळा करतं.

भारतात सर्वांत जास्त आढळणारा बदल पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरावर आहे: 'जी'च्या जागी 'सी'. हा भाग शेवटी फेकलाच जाणार असतो. पण कुठे कापायचं ही खूण त्याच अक्षरांत असते. खूण पुसट झाली की कापणारी यंत्रणा चुकते आणि आसपासच्या तीन फसव्या जागांवर कापू लागते. योग्य ठिकाणी कापलेला संदेश अगदी थोडा उरतो. दोन्ही जनुकांत हा बदल असलेल्या मुलाला सहसा लहानपणापासून नियमित रक्त द्यावं लागतं.

याच इंट्रॉनच्या पहिल्या अक्षरावर बदल झाला तर योग्य कापणी पूर्णच बंद पडते. पाचव्या अक्षरावर गळती, पहिल्यावर टाळं. अंतर चार अक्षरांचं.

आणखी एक जागा मागच्या टोकाला आहे. शेपटी कुठे लावायची ते 'एएयूएएए' ही सहा अक्षरं सांगतात. त्यातलं एक बदललं तरी संदेश भलतीकडे संपतो, लांबलचक होतो आणि टिकत नाही. मधला सगळा मजकूर बिनचूक असतो. प्रथिनाची अक्षरं तपासून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्याला असा रुग्ण सापडणारच नाही.

सिंधी आणि लोहाणा समाजांत ६१९ अक्षरं गळालेला बदल जास्त दिसतो. तो मात्र स्प्लायसिंगचा दोष नव्हे, तिथे जनुकाचा शेवटचा भागच नाही. 'हा सिंध्यांचा आजार' हे उल्हासनगरच्या संदर्भात सर्रास ऐकू येणारं वाक्य अर्धवट आहे. देशात सरासरी शंभरांत तीन-चार जण वाहक आहेत, आणि मराठी कुटुंबं त्यात आहेतच.

चुकीचा संदेश तयार झाला हे पेशीला कळतं का?

कळतं, आणि कसं कळतं ते मला या साऱ्या विषयात सगळ्यात आवडतं.

एक्झॉन जोडले जातात तेव्हा प्रत्येक सांध्याजवळ प्रथिनांची एक गाठ बसते. पहिला रायबोझोम संदेशावरून जाताना वाटेतल्या गाठी काढत जातो. प्रथिन इथे संपतं हे सांगणारा खरा थांबा बहुधा शेवटच्या एक्झॉनमध्ये असतो, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत सगळ्या गाठी निघालेल्या असतात. समजा, बदलामुळे त्याच्या अलीकडेच थांब्याचं कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) आलं. रायबोझोम तिथे उतरतो, पण पुढे एखादी गाठ तशीच राहिलेली असते. थांब्यापुढे साधारण ५० ते ५५ अक्षरांपलीकडे गाठ शिल्लक असेल, तर यूपीएफ-१ हे प्रथिन आणि त्याचे सोबती तो संदेश नष्ट करवतात.

भारतात आढळणाऱ्या एका बदलात बीटा ग्लोबिनच्या पंधराव्या कोडॉनवर असा अवेळी थांबा येतो. संदेश नष्ट होतो, अर्धवट साखळी बनतच नाही, आणि एकच जनुक बिघडलेला माणूस दुसऱ्या चांगल्या जनुकावर तब्येतीत जगतो. हाच अवेळी थांबा तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या एक्झॉनमध्ये आला तर पुढे गाठच नसते. संदेश तपासणीतून सुटतो, थोडीच आखूड पण सदोष साखळी बनते आणि पेशीत साचते. अशा काही कुटुंबांत एकाच जनुकातल्या बदलानेही आजार दिसतो. एकाच जातीचा दोष, पण तो कुठल्या एक्झॉनमध्ये आहे यावरून 'वाहक' की 'रुग्ण' हे ठरतं.

एमआरएनए किती वेळ टिकतो?

पेशीची वाढ सुरू करून देणाऱ्या 'फॉस' या जनुकाचा संदेश अर्ध्या तासाच्या आत निम्मा होतो. ग्लोबिनचे संदेश दिवसभराहून जास्त टिकतात. टिकायलाच हवेत, नवे येणार नाहीत.

हा फरक मुख्यतः संदेशाच्या मागच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात लिहिलेला असतो. अल्फा ग्लोबिनच्या त्या भागात 'सी'चा भरणा आहे. त्याला एक प्रथिन घट्ट धरून ठेवतं आणि शेपटी झिजू देत नाही. 'हिमोग्लोबिन कॉन्स्टंट स्प्रिंग' या प्रकारात (नाव जमैकातल्या गावाचं, आढळ मुख्यतः आग्नेय आशियात) थांब्याचं कोडॉन पुसलं जातं. रायबोझोम थांबायचं तिथे न थांबता पुढे घुसतो, ३१ जादा घटक जोडतो आणि वाटेत ते राखणदार प्रथिन उडवून लावतो. संदेश लवकर नष्ट होतो. जादा शेपटीच्या प्रथिनापेक्षा खरं नुकसान या नासाडीनं होतं.

झटपट नष्ट व्हायच्या संदेशांवर 'एयूयूयूए' अशी अक्षरं पुन्हापुन्हा असतात. दाह वाढवणाऱ्या टीएनएफचा संदेश त्यांतलाच. त्याला नष्ट करायला लावणारं टीटीपी हे प्रथिन ज्या उंदरांत नाही, त्यांना सांधेदुखीसकट सर्वांगाचा दाह होतो. टीएनएफ बनणं सुरू करणं जितकं गरजेचं, तितकंच ते वेळेवर थांबणंही.

लोहाची कमतरता असली की रक्तपेशी लहान का होतात?

'लोह नाही म्हणून हिमोग्लोबिन नाही, म्हणून पेशी लहान' हे उत्तर सगळे देतात. त्यात मधला एक निर्णय गाळलेला असतो.

लोह कमी झालं की आयआरपी नावाची दोन प्रथिनं संदेशांवरच्या विशिष्ट वळशांना जाऊन चिकटतात. वळसा संदेशाच्या कोणत्या टोकाला आहे यावर परिणाम उलटतो. लोह साठवणाऱ्या फेरिटिनच्या संदेशात तो सुरुवातीला आहे: प्रथिन चिकटलं की रायबोझोमला वाट मिळत नाही, फेरिटिन बनणं थांबतं. नाही तरी साठवायला आहेच काय? पेशीत लोह आत घेणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या संदेशात असे पाच वळसे मागच्या टोकाला आहेत. तिथे तेच प्रथिन चिकटलं की संदेश नष्ट होण्यापासून वाचतो आणि लोह ओढणारे हात वाढतात. या दोनांपैकी आयआरपी-१ हे एरवी, लोह पुरेसं असताना, अकोनिटेज नावाचं एन्झाइम म्हणून वेगळंच काम करत असतं.

रक्तपेशींत याच्यावर आणखी एक थर आहे. हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) बनवण्याची पहिली पायरी करणाऱ्या एन्झाइमच्या संदेशावरही सुरुवातीला तसाच वळसा आहे, म्हणून लोह नसताना हीम बनवायला घेतलंच जात नाही. मग हीम कमी पडतं. ते कमी पडलं की एचआरआय नावाचं एन्झाइम जागं होतं आणि भाषांतरण सुरू करून देणाऱ्या ईआयएफ-२ या घटकाला फॉस्फेट जोडून जखडतं. ग्लोबिनचे संदेश पेशीत जागच्या जागी असतात, फक्त त्यांच्यावरून साखळ्या फारशा बनत नाहीत.

हे नसतं तर? एचआरआय नसलेल्या उंदरांना लोह कमी दिलं तेव्हा त्यांच्या रक्तपेशी नेहमीसारख्या लहान आणि फिकट झाल्या नाहीत. हीम नसतानाही साखळ्या बनत राहिल्या, त्यांचे गठ्ठे पेशीत साचले आणि पेशी मरू लागल्या. रिपोर्टवरचा कमी एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) म्हणजे नुसती उपासमार नव्हे. जेवढं हीम तेवढंच ग्लोबिन, असं ठरवून केलेली ती काटकसर आहे.

फेरिटिन खूप वाढलेलं, पण बाकी लोहाच्या तपासण्या ठीक. असं होतं का?

कारणं बरीच आहेत, दाह आणि यकृताचे विकार त्यात आधी. एक दुर्मीळ आनुवंशिक कारण मात्र थेट याच विषयातलं आहे. फेरिटिनच्या संदेशावरचा तो वळसाच बिघडलेला असतो, आयआरपीला धरता येत नाही आणि लोहाचा साठा नसताना फेरिटिन बनत राहतं. अशा कुटुंबांत तरुण वयात मोतीबिंदू होतो. लोह जास्त आहे असं समजून त्यांचं रक्त काढत राहिलं तर उलट पांडुरोग होतो.

थॅलेसेमिया मायनर (म्हणजे नुसतं वाहक) असताना लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का?

फक्त एमसीव्ही कमी आहे म्हणून घेऊ नयेत. दोन्ही स्थितींत पेशी लहान दिसतात, कारणं वेगळी असतात. फेरिटिन तपासून लोह खरंच कमी असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. मायनर आहे की नाही हे एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांवर आहे का यावरून बघतात. लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येऊन चकवू शकतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (दोन्ही जनुकं बिघडलेला आजार) असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला व्हावी.

मायक्रोआरएनएला नोबेल मिळालं ते कशासाठी?

१९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेला एका सूक्ष्म कृमीत असं जनुक सापडलं की ज्यापासून प्रथिन बनतच नव्हतं, निघत होता फक्त २२ अक्षरांचा आरएनए. गॅरी रव्हकन यांच्या गटाला दिसलं की तो दुसऱ्या एका संदेशाच्या मागच्या भागाशी अक्षरांनी जुळतो आणि त्याचं प्रथिन बनू देत नाही. बराच काळ ही कृमीची विक्षिप्त सवय समजली गेली. २००० मध्ये माणसासकट अनेक प्राण्यांत असलेला दुसरा मायक्रोआरएनए सापडल्यावर चित्र पालटलं. नोबेल २०२४ मध्ये आलं.

माणसाच्या निम्म्याहून अधिक जनुकांच्या संदेशांवर मायक्रोआरएनए बसण्याच्या जागा आहेत. एकेकट्याचा परिणाम बहुधा हलका असतो. 'अमुक मायक्रोआरएनए म्हणजे कर्करोगाचं बटण' छापाच्या बातम्या त्यामुळे जपून वाचाव्यात. तांबड्या रक्तपेशींत मायक्रोआरएनए-४५१ भरपूर असतो. नमुना घेताना थोड्या रक्तपेशी फुटल्या तरी सीरममध्ये तो उसळी घेतो. बारकाईनं काम करणाऱ्या प्रयोगशाळा त्याचा उपयोग नमुना खराब झाला का हे ओळखायला करतात.

आरएनए इंटरफेरन्स हेच का?

यंत्रणा बरीचशी तीच, फरक सुरुवातीचा. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं की दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत सोडला की त्याच्याशी जुळणारा संदेश नष्ट होतो. नोबेल २००६. यावर आधारलेलं पहिलं औषध २०१८ मध्ये मान्य झालं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरॅनही याच जातीचं. सुरुवातीच्या दोन डोसनंतर ते सहा महिन्यांतून एकदाच घ्यावं लागतं.

२०२१ मध्ये गाजलेलं '१६ कोटींचं इंजेक्शन' हेही आरएनएवरचं औषध होतं का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. तो जनुकोपचार होता: एसएमए या, स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारात निकामी असलेल्या एसएमएन-१ जनुकाची चांगली प्रत विषाणूच्या मदतीनं पेशीत पोचवली जाते.

त्याच आजारावर वेगळी वाटही आहे. सगळ्यांकडे बहुधा एसएमएन-२ नावाचं जवळजवळ जुळं जनुक असतं. त्यातल्या सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर वेगळं आहे. त्यानं प्रथिन बदलत नाही, पण स्प्लायसिंगच्या वेळी बहुतांश प्रतींतून तो एक्झॉन गळतो आणि पूर्ण संदेश दहा टक्क्यांच्या आसपास निघतो. पुढच्या इंट्रॉनमधली जी जागा तो एक्झॉन गाळायला लावते, ती रवींद्र सिंह यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवली. एड्रियन क्रेनर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेलं नुसिनर्सेन हे १८ अक्षरांचं औषध तीच जागा झाकून टाकतं. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातून, आयुष्यभर, चार-चार महिन्यांनी द्यावं लागतं. तोंडानं घ्यायचं रिसडिप्लाम २०२० मध्ये आलं आणि तेही एसएमएन-२ चं स्प्लायसिंगच सुधारतं.

एमआरएनए लशीत हे ज्ञान वापरलं गेलं का?

पदोपदी. टोपी, शेपटी, पुढचे-मागचे भाग, सगळं संदेश टिकावा आणि जोमानं वाचला जावा म्हणून निवडलेलं असतं. फायझरच्या कोविड लशीतल्या संदेशाचा सुरुवातीचा भाग माणसाच्या अल्फा ग्लोबिनवरून घेतला आहे. रक्तपेशींनी तावूनसुलाखून दिलेला माल. शिवाय 'यू'च्या जागी बदललेलं अक्षर वापरलं, त्यामागचं मूळ संशोधन कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचं, नोबेल २०२३ चं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या, २ ते ८ अंशांच्या तापमानात ठेवता येते.

गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करता येतं म्हणतात. त्याचा इथे संबंध?

जन्मानंतर गर्भाचं हिमोग्लोबिन बंद पाडणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-११-ए. गंमत अशी की गर्भाच्या रक्तपेशींतही त्याचा संदेश असतो, प्रथिन मात्र फारसं नसतं. लिन-२८-बी हे प्रथिन तो संदेश पकडून त्याचं भाषांतरण दाबून ठेवतं, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. २०२३ च्या अखेरीस मान्य झालेला क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करणारं तंत्र) उपचार मात्र दुसऱ्या टोकाला काम करतो. तो बीसीएल-११-एची प्रत रक्तपेशींत निघणंच कमी करतो.

माझ्या आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये एक जनुक तिप्पट वाढलेलं दिसतंय. प्रथिनही तिप्पट धरू का?

धरू नका. उंदराच्या पेशींवरच्या २०११ च्या एका मोठ्या मोजणीत वेगवेगळ्या प्रथिनांच्या प्रमाणातल्या फरकांपैकी सुमारे ४० टक्केच फरक एमआरएनएच्या प्रमाणावरून समजत होता. पुढे त्याच माहितीचं नव्याने गणित करणाऱ्यांनी हा वाटा बराच जास्त काढला, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. तुमच्या एका जनुकाबाबत मात्र दोन्ही आकडे निरुपयोगी आहेत. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन थेट मोजायची पद्धत) करा. रायबोझोम प्रोफायलिंग (कोणत्या संदेशावर किती रायबोझोम बसलेत याची मोजणी) परवडत असेल तर उत्तमच. आणि संदेश वाढला तो जास्त निघाल्यामुळे की कमी नष्ट झाल्यामुळे हे ठरवायचं असेल, तर प्रतिलेखन थांबवून वेगवेगळ्या वेळांना मोजणी करावी लागेल. परीक्षक हाच प्रश्न विचारतात.

जीवाणूंतही हे सगळं असतं का?

स्प्लायसिंगची ही यंत्रणा नसते आणि केंद्रकही नसतं, त्यामुळे प्रत निघत असतानाच रायबोझोम तिच्यावर चढतात. नियंत्रण मात्र असतं. कित्येक जीवाणूंचे संदेश जीवनसत्त्वाचा रेणू स्वतःच पकडून घडी बदलतात आणि वाचन बंद पाडतात, मध्ये एकही प्रथिन लागत नाही. यांना रायबोस्विच म्हणतात, आणि ते २००२ पासून माहीत आहेत.